वजनाला बसलेली माणसं

"ही गोष्ट तुला खरी वाटणार नाही, प्रतीक्षा. आजवर कुणालाच वाटली नाही. आमच्या हिला तर मी घरात शिरल्या शिरल्या सांगितली, पाय धुवायच्या आधी. ती म्हणाली, आधी पाय धुवा."

एवढं बोलून धर्माजीकाका मैदानाच्या पायरीवर प्रतीक्षाच्या शेजारी टेकले. टेकताना त्यांचे गुडघे वाजले, आणि गुडघे काय म्हणाले तेही ते सांगतील की काय अशी तिला धास्ती वाटली. केळवे-माहीमच्या या म्हाताऱ्याची ख्यातीच तशी होती. किती वाजले असं त्यांना कुणी विचारलं आणि त्यांनी घड्याळात बघून सांगितलं, तरी माणसं पुढे जाऊन आणखी कुणाला तरी विचारून खात्री करून घेत. पण बास्केटबॉलचे पंच म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि मैदानावर त्यांच्या शिट्टीला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. एकाच माणसाच्या तोंडात खोटी जीभ आणि खरी शिट्टी कशी नांदते, याचं बोईसरपासून केळव्यापर्यंत सगळ्यांना नवल होतं.

प्रतीक्षाला आत्ता गोष्ट नको होती. तिची बॅग मांडीवर होती आणि डोळे रस्त्यावर, तिच्या गावाला, पामला जाणारी रिक्षा भरते का ते बघत. गळ्यात शिट्टी नव्हती. ती दुपारी तिनं टेबलावर, आयोजक चंद्रभानभाऊंच्या समोर ठेवून दिली होती. चंद्रभानभाऊ रागावले नाहीत. "चारला तिसऱ्या नंबरची मॅच आहे," एवढंच म्हणाले. "तोवर सांग. नाहीतर ललित एकटा उभा राहील. पण आज नाही म्हणालीस, तर परत कधी हो म्हणशील असं मला वाटत नाही." आणि तेच खरं होतं. आज ती रिक्षात बसली असती, तर पंच होण्याचा नाद तिथंच संपला असता.

झालं होतं ते असं.

दोन कारखान्यांच्या कुंपणांमधल्या त्या मैदानावर दोन स्टँड आहेत. एक जमिनीत पुरलेला. दुसरा चाकांचा, बंद पडलेल्या एका कंपनीच्या क्लबातून उचलून आणलेला. चाकांच्या स्टँडला मागं एक पसरट लोखंडी पेटी असते, तिच्यात वजन भरावं लागतं, नाहीतर पुढं झुकलेला बोर्ड सगळ्या सांगाड्याला घेऊन तोंडावर पडतो. त्या पेटीत पूर्वी रेतीच्या गोण्या होत्या. त्या उन्हानं फाटल्या, आणि त्यातली रेती कुणाच्या तरी न्हाणीघराला लागली. तेव्हापासून या मैदानाची एक रीत पडली आहे. मॅचच्या दिवशी पेटीवर माणसं बसवायची. अंगानं भरलेली, शक्यतो हमाल. त्यांना चहा फुकट आणि रिंगच्या मागची, सगळ्यात झकास जागा. "मला आज वजनाला बसवलंय," असं सांगताना माणसाची छाती फुगते. बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल, पण वर्षानुवर्षं कधी काही झालं नव्हतं, आणि काही झालं नाही की रीत पक्की होते.

सकाळी मुलींची सेमीफायनल होती, माहीम विरुद्ध पालघर. माहीम एका गुणानं मागं, घड्याळात शेवटचे काही क्षण. वैष्णवीनं, वाडीतल्या पानवेली बांधणाऱ्या घरातली ती सडपातळ पोर, मधेच बॉल हिसकावला आणि एकटी सुटली. पुढं कुणी नाही, फक्त रिंग. प्रतीक्षा तिच्या बाजूनं पळत एंडलाइनवर पोचली, दुसरा पंच ललित मागून येत होता. आणि त्याच वेळी शेजारच्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

बाराचा भोंगा म्हणजे जेवणाची सुट्टी. पेटीवर बसलेले हमाल रोज त्या भोंग्याला पाठीवरचं पोतं टाकून उठतात. आज रविवार आहे, आपण मॅच बघतोय, आपण वजन आहोत, हे डोक्याला कळायच्या आधी पायांना भोंगा कळला. ते उठले.

मैदानातल्या सगळ्यांची नजर बॉलवर होती. प्रतीक्षानं मात्र पेटी बघितली. पेटीवर कुणी नाही, आणि वैष्णवी बोर्डाखाली शिरतेय. स्टँड हलला. म्हणजे हलला असं तिला वाटलं. तिनं शिट्टी फुंकली.

बॉल तेव्हा वैष्णवीच्या हातात होता. तिनं उडी पुरी केली, बॉल जाळीतून सुळकन खाली आला, माहीमची माणसं नाचायला उठली, आणि प्रतीक्षानं हात हलवून सांगितलं, बास्केट नाही. शिट्टीनं हमाल दचकले आणि होते तिथं पुन्हा बसले. स्टँड जसाच्या तसा उभा. रिंगसुद्धा थरथरत नव्हती.

"मॅडम, गिरा तो नहीं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. तिनं हमालांना विचारलं, तुम्ही उठलात ना. त्यांच्यातला वयानं मोठा म्हणाला, "उठे कहाँ मॅडम, जरा खिसके थे." तोही खोटं बोलत नव्हता बिचारा. आपण उठलो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग पेटीवर चौघं जास्तीची बसवून खेळ सुरू झाला. बॉल बाजूनं आत टाकायला माहीमलाच मिळाला, पण पालघरच्या पोरींनी तो मधेच अडवला, वेळ संपला, आणि माहीम एका गुणानं हरलं. माहीमचे कोच प्रताप सर तिच्यापाशी आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "अर्धा श्वास थांबायचं होतंस. बॉल सुटला की वाजवायची. एवढंच." ललितला तिनं विचारलं तर तो बुटाची नाडी बांधत राहिला. "मी असतो तर थांबलो असतो बहुतेक," तो म्हणाला. "पण मी तिथं नव्हतो."

नियम तिला पाठ होता. नाडी सुटली, चष्मा घसरला, हूटर भलत्या वेळी वाजला, जाळी अडकली, तर घाई करायची नाही. ज्यांच्या हातात बॉल आहे त्यांची चढाई पुरी होऊ द्यायची, बॉल कुठंतरी विसावला की मग थांबवायचं, नाहीतर बुटाच्या नाडीपायी कुणाचं तरी हक्काचं बास्केट बुडतं. पण कुणाच्या अंगाला इजा होण्याचा धोका असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. इथवर सगळं स्वच्छ आहे. धोका किती दिसला म्हणजे धोका म्हणायचा, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. ते पंचानं आपल्या पोटाला विचारायचं. आणि तिचं पोट तिला आधीच एकदा फसवून बसलं होतं.

औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या लाइनवर आहे. तिथं लाल बटण असतं. काही वावगं दिसलं तर कुणीही दाबावं, कुणाला विचारायचं नाही, असं पहिल्याच दिवशी शिकवतात. एकदा मशीनच्या पोटातून तिला खरखर ऐकू आली आणि तिनं दाबलं. सगळी लाइन उभी राहिली. मेकॅनिक आला, उघडलं, काहीच सापडलं नाही. सुपरवायझर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. त्या दिवसापासून डब्याच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, "हळू चावा रे, प्रतीक्षाला खरखर ऐकू जाईल." घरी वडिलांना, रामकिसनना, सांगितलं तर ते म्हणाले, "बटण दाबायलाच ठेवलंय बाई." पण बापानं तसं म्हणायचंच असतं, त्याचं काय मोठंसं.

हे सगळं मनात घोळत ती पायरीवर बसली होती. मघाशी नळावर वैष्णवी भेटली होती. पोर सरळ समोर येऊन उभी राहिली.

"ताई, चारला तुमी हायत का?"

"माहीत नाही."

"मला तुमचा राग हाय. उगाच कशाला लपवू. माजा बास्केट होता."

"हो. चांगला गेला होता."

"आनि पोल पडलाच नाय."

"नाही पडला."

"मग?"

पडला असता तर तू मला विचारायला आली नसतीस, हे उत्तर प्रतीक्षाच्या जिभेपर्यंत आलं आणि परत गेलं. कारण ते उत्तर नव्हतंच. कदाचित तो पडलाच नसता. वैष्णवीनं तोंडावर पाणी मारलं आणि ती गेली.

तर अशा मनःस्थितीत असलेल्या मुलीशेजारी धर्माजीकाका येऊन टेकले होते आणि म्हणत होते, ही गोष्ट तुला खरी वाटणार नाही.

"काका, आज नको," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी कोण सांगतंय? मी झुंबरसाठी सांगतोय. त्याचे हात चालू आहेत, कान रिकामे आहेत."

झुंबर समोर चाकांच्या स्टँडपाशी उकिडवा बसला होता. एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. चंद्रभानभाऊंनी त्याला जेवणावरून उठवून आणलं होतं आणि तो आता पेटीवर लोखंडाच्या पट्ट्या चढवून त्यांचे बोल्ट आवळत होता, म्हणजे यापुढं माणसं बसवायला नकोत. त्यानं मान न वळवता म्हटलं, "ताई, या माणसाशी बोलूच नका. यानं माझं जाळीत गेलेलं एक बास्केट खाल्लंय. इतकी वर्षं झाली, अजून ढेकर दिलेला नाही."

"झुंबरदादा," प्रतीक्षानं विचारलं, "खरं सांगा. सकाळी पडला असता का हा?"

झुंबरनं पाना थांबवला. स्टँडला हात लावून वर बघितलं, जसा एखादा बैलाच्या पाठीवर हात ठेवून बघतो. खारा वारा आणि कारखान्यांचा धूर दोन्ही मिळून लोखंड खातात, त्याचे पोपडे त्याच्या तळहाताला लागले.

"वर्षभर उभा राहिला असता. नाहीतर त्याच घटकेला आडवा झाला असता. मी काय सांगू? पडला नाही, एवढंच मला दिसतंय." आणि तो पुन्हा पाना फिरवू लागला.

रस्त्यावर रिक्षावाला हाका मारत होता, पाम, पाम. आणखी दोन माणसं आली की सुटणार.

"हं," धर्माजीकाकांनी बनियनच्या खिशातून पानाची चंची काढली, आणि चंचीबरोबर आणखी एक वस्तू बाहेर आली. काळ्या दोरीची शिट्टी. प्रतीक्षाची. टेबलावरून त्यांनी ती कधी उचलली कोण जाणे. त्यांनी ती तिला दिली नाही. पायरीवर मधोमध उभी करून ठेवली. "हा समज स्टँड. आणि ही सुपारी म्हणजे झुंबर."

"सुपारी मोठी घ्या," झुंबर म्हणाला.

"तेव्हा तू एवढाच होतास. तर प्रतीक्षा, मी तेव्हा एका कारखान्यात फायरमन. तारापूरला खाडीच्या कडेला मैदान होतं, तिथं कारखान्या-कारखान्यांच्या मॅच चालायच्या. आणि ही वजनाला माणसं बसवायची रीत आहे ना, ती तिथलीच, मीच पाडली. आमच्याकडं कँटीनचे आचारी बसायचे. एकेक आचारी असा, की तो उठला तर समुद्राला भरती यायची आणि बसला तर ओहोटी. कोळी लोक होड्या काढायच्या आधी आमच्या कँटीनमध्ये विचारून जायचे."

प्रतीक्षा रस्त्याकडंच बघत होती.

"मॅच रंगात आलेली. झुंबरची टीम एकानं मागं. बॉल झुंबरकडं. आणि टेबलावरचा हूटर बिघडला. नुसता वाजला नाही, अडकला. चढत जायचा, उतरत यायचा, परत चढायचा. आता चढता-उतरता भोंगा म्हणजे काय, हे आपल्याकडं सांगावं लागतं का? कुठल्यातरी कारखान्यात विषारी वायू सुटला. इतर ठिकाणी पोरं आधी चालायला शिकतात, आपल्याकडं आधी वारा कुठून आहे ते बघायला शिकतात. सगळ्या प्रेक्षकांनी एकदम माना वर केल्या, छपरावरची वारा दाखवणारी कापडी पिशवी कुठं फुगलीय बघितलं, रुमाल ओले केले, नाकाला लावले, आणि वाऱ्याला आडवं चालत निघाले. धावपळ नाही, बोंबाबोंब नाही. दोन्ही टीम गेल्या. टेबलावरचे गेले. शेजारी लग्न होतं, तिथला नवरा निघाला, त्याच्या मागं नवरी, मागं भटजी, आणि म्हणे चालता चालता उरलेली मंगलाष्टकं उरकली. सगळे जमायच्या जागी रांगेत उभे राहिले. डोकी मोजली तर एक जास्त भरलं. बघतात तर रांगेच्या शेवटी एक म्हैस, तीसुद्धा वाऱ्याकडं पाठ करून."

"म्हैस तबेलेवाल्या गोविंदशेटची होती," झुंबर म्हणाला. "ती खरी आहे. बाकीचं काही खरं नाही."

"आणि झुंबर? झुंबर बीडहून आठवड्यापूर्वीच आलेला. त्याला अजून कुणी भोंगा शिकवला नव्हता. त्याला वाटलं, माणसं आपल्याला घाबरून पळाली."

"खरंच वाटलं होतं," झुंबर पुटपुटला.

प्रतीक्षानं पहिल्यांदा मान वळवली. हसू आलं नव्हतं, पण पंचाचा कान जागा झाला होता. "हूटर अडकला तेव्हा तुम्ही थांबवलं नाहीत?"

"का थांबवू? हूटर बिघडला तर बिघडला. त्यानं कुणाला चावलं का? बॉल झुंबरच्या हातात, चढाई चालू. नियम काय सांगतो?"

"चालू द्यायचं. पण समोरची टीम मैदानातून निघून गेली, काका. त्यांना वाटलं वायू सुटला. मी थांबवला असता."

"तू थांबवतेसच," काका पानाला चुना लावत म्हणाले. "तुला काय, जरा खरखर ऐकू आली की झालं."

हे तिला लागलं. कारखान्यातली गोष्ट यांच्यापर्यंत कशी पोचली? तिनं ती ललितला सांगितली होती, त्यानंच पोचवली असणार. ती उठायला झाली, बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. रस्त्यावर रिक्षात अजून एका माणसाची जागा होती. पण काकांनी शिट्टीला बोट लावलं होतं, आणि ती शिट्टी, म्हणजे तो स्टँड, हळूहळू वाकायला लागला होता. तिच्याच्यानं नजर काढवेना.

"आता ऐक. हूटर वाजला तसे आचारीही उठले. वजनच निघून गेलं. मैदानात उरलो मी, झुंबर आणि तो स्टँड. आणि स्टँड बगळ्यासारखा मान पुढं काढायला लागला. सावकाश. झुंबरला काय पत्ता? त्याचे डोळे रिंगवर. तो पळत आला, आणि त्यानं अशी उडी मारली, अशी उडी मारली, की वर गेला आणि तिथंच राहिला. मी खालून विचारलं, येतोस का? तो म्हणाला, जरा वेळ लागेल."

"मी जन्मात वीतभर उडी मारलेली नाही," झुंबर म्हणाला. तरी त्याचा पाना थांबला होता. तोही आता ऐकत होता.

काकांचा आवाज खाली आला. थट्टा तीच होती, पण सावकाश झाली होती, खाडीचं पाणी वळणावर होतं तशी.

"माझ्या तोंडात शिट्टी. एका डोळ्याला रिंग दिसतेय, एका डोळ्याला रिकामी पेटी. झुंबर बरोबर बोर्डाखाली, बॉल हातात. आता फुंकली तर बास्केट बुडतं. नाही फुंकली तर." शिट्टी पायरीवर अर्धी वाकलेली, त्यांच्या बोटाच्या आधारानं. "तुला सांगतो, त्या वेळी माणूस किती एकटा असतो ते कुणाला कळत नाही. बरोबर ठरलास तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही म्हणून लोक म्हणतात, उगाच वाजवलीस. पुरावा म्हणून तू काय दाखवणार? न पडलेला पोल?"

प्रतीक्षा पायरीवर नीट टेकून बसली. बॅग तिनं खाली ठेवली आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. मैदानात मुली सरावाला उतरल्या होत्या. वैष्णवी त्याच रिंगखाली पुन्हा पुन्हा पळत येत होती, बॉल टाकत होती, परत मागं जात होती. झुंबरनं आवळलेली पेटी आता जागची हलत नव्हती. ललित टेबलापाशी एकटा उभा राहून इकडं बघत होता, आणि चंद्रभानभाऊ मनगटावरच्या घड्याळाकडं.

"मग काय केलंत?" तिनं विचारलं.

काकांनी पान तोंडात टाकलं आणि अगदी निवांत चावलं.

"काय करणार? थांबलो. प्रताप सर म्हणाले ना तुला, अर्धा श्वास? तेवढाच थांबलो. शहाण्या पंचानं तसंच करावं. शिट्टी दातात धरून उभा राहिलो आणि म्हटलं, एवढा सुंदर बॉल चाललाय, जाऊ दे जाळीत. झुंबरनं बॉल सोडला, जाळीतून आरपार गेला, आणि मग मी फुंकली. आणि स्टँड? तो लेकाचा इतका समजूतदार, बॉल जाईपर्यंत कळ काढून राहिला. मग खाली आला तो असा, देवाला नमस्कार करावा तसा, झुंबरच्या डोक्यावर बोर्डाची सावली धरून बाजूला टेकला. केसाला धक्का नाही. बास्केटही गेलं, माणूसही राहिला. म्हणून म्हणतो, पोरी, तू घाई केलीस. थोडं थांबायला शीक, मग शिट्टी घे."

काकांनी बोट काढलं. शिट्टी पायरीवर कलली आणि खाली घरंगळायच्या आत प्रतीक्षानं ती उचलली. झुंबरनं तोंड उघडलं होतं, पण तो काही बोलायच्या आधी काकांनी त्याच्याकडं असं काही बघितलं की त्यानं पाना उचलून बोल्टला लावला, जो आधीच आवळलेला होता.

प्रतीक्षा उभी राहिली. मागं रस्त्यावर रिक्षावाल्यानं शेवटची हाक दिली आणि रिक्षा तिच्याविना सुटली. तिनं काळी दोरी डोक्यातून गळ्यात घातली, केस बाहेर काढले, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघत, टेबलापाशी उभ्या असलेल्या ललितलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"खोटं. बॉल सुटल्यावर तुम्ही वाजवली असती तर ते बास्केट धरलं गेलं असतं, काका, आणि झुंबरदादा मघापासून सांगतायत की तुम्ही ते खाल्लंत."